दोन मिलिमीटरची भिंत

गेल्या अंकात मी पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यातून लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, पातळ वाडगा कसा काढते, ते लिहिलं होतं. लाकूड ओलंच घ्यायचं, भिंत दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत आणायची, काम एका बैठकीत संपवायचं आणि मग वाडगा जसा वाकेल तसा वाकू द्यायचा, असा तो सगळा मामला. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेते आहे. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर कुडाळच्या घराच्या पडवीत लेथ बसवला. त्यामुळे माझं उत्तर आधी लाकडाच्या पेशीत शिरतं आणि मग पटाशीकडे वळतं. लाकूड का हलतं हे कळलं नाही तर हात कसा चालवायचा हेही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या घरी आजेसासूबाईंची काथवट आहे. बोटभर जाड. अजून तिच्यातच भाकरीचं पीठ मळतो. लाकडाचं भांडं जाड असलं तरच टिकतं, असं मी समजत होते. तुम्ही दोन मिलिमीटर म्हणता. ते फुटणार नाही का? आणि मुळात एवढं पातळ करायचं कशासाठी? (वाचक, कोल्हापूर)

काथवटीला रोज तळव्याचा दाब सोसायचा असतो, म्हणून ती जाडच हवी. तुमची काथवट एकदा पट्टीने मोजून पाहा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने एक माप येईल आणि रेषांना आडवं मोजलंत तर थोडं कमी भरेल. ती घडवली तेव्हा गोल असेल, आज ती गोल नाही.

झाडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळीत, मोकळं. दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. ओंडका वाळताना आधी मोकळं पाणी जातं आणि तोवर लाकूड आकसत नाही. ओलाव्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २८-३० टक्क्यांवर आलं की पेशीभित्तीतलं पाणी निघू लागतं, आणि खरी हालचाल तिथून सुरू होते. ही हालचाल सगळीकडे सारखी नसते. खोडाच्या लांबीच्या दिशेने लाकूड जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसतं. गाभ्याकडून सालीकडे साधारण ३ ते ५ टक्के. आणि वलयांच्या कडेकडेने जवळपास त्याच्या दुप्पट. म्हणजे ओल्या लाकडातून २० सेंटिमीटरचा गोल वाडगा काढला, तर रेषांच्या दिशेने तो २० सेंटिमीटरच राहतो आणि आडवा साडेअठराच्या आसपास येतो. काठ लंबगोल होतो, दोन बाजू किंचित वर उचलल्या जातात.

आता हाच वाडगा दोन सेंटिमीटर जाड ठेवून उन्हात टाकला, तर बाहेरचा थर वाळून आकसायला बघतो आणि आतला ओला थर त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण असह्य झाली की तडा जातो. दोन मिलिमीटरच्या भिंतीत आत-बाहेर असा भेदच उरत नाही. ती एका-दोन दिवसांत आरपार वाळते, आणि तडकण्याऐवजी वाकते. म्हणून मी पातळ करते. त्यात हाताचं कसब दिसतं हे खरं, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की त्या जाडीला लाकडाला हवं तसं वागता येतं. वाळल्यावर काठाने जी वळणं घेतली असतात ती त्या फांदीची, त्या गाठीची असतात. दुसऱ्या झाडातून ती येणार नाहीत.

ज्यांना अगदी गोल वाडगा हवा, त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. ओला असताना व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाडी ठेवून कच्चा आकार काढायचा, सावलीत कागदी पिशवीत काही महिने वाळवायचा, अधूनमधून वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. चांगली रीत आहे. रोजच्या वापराच्या वाडग्याला तीच घ्या.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो, आयुष्य धातूच्या लेथवर गेलं. आता घरी लाकडाचा छोटा लेथ घेतला आहे. कार्बाइड इन्सर्टचं, म्हणजे टोकाला कडक धातूची टिकली बसवलेलं, हत्यार वापरतो. भिंत पाच मिलिमीटरपर्यंत बिनत्रास येते. त्याखाली गेलो की थरथर सुरू होते, कर्कश आवाज येतो, आतून लाटा उमटतात, आणि समोरासमोरच्या दोन जागी तंतू उपटून निघतात. स्पीड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. (वाचक, पिंपरी)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण निरीक्षण नेमकं आहे. उपटलेल्या जागा समोरासमोर दोनच का, यातच अर्धं उत्तर आहे.

पोलाद सगळ्या दिशांनी जवळपास सारखं असतं. लाकूड म्हणजे एका दिशेला लावलेल्या नळ्यांची जुडी. उभ्या चिरलेल्या ओंडक्यातून काढलेला, आडव्या रेषांचा वाडगा फिरतो तेव्हा प्रत्येक फेरीत हत्याराच्या धारेसमोर कधी नळ्यांच्या कडा येतात, कधी त्यांची तोंडं. दोन जागी ती तोंडं धारेच्या उलट उभी असतात, आणि नेमकी तिथेच ती उपटली जातात. कार्बाइडची टिकली आडवी धरून तुम्ही खरवडता आहात. जाड भिंतीला ते चालतं, पातळ भिंत मागे सरते, मग उसळून पुढे येते, पुन्हा सरते. त्या लाटा त्यामुळे.

तुम्हाला हवं ते बाऊल गाऊज. गोल पोलादी सळईला लांब पन्हळ कोरलेली पटाशी असते ती, हायस्पीड स्टीलची. धारेचा कोन ५५ ते ६० अंश. धारेमागचा जो घासलेला उतार असतो, तो आधी लाकडाला टेकवायचा, नुसता टेकवायचा, कापायचं नाही. मग मूठ हळूच उचलत धार लाकडात उतरवायची आणि उतार लाकडावरून सरकवत न्यायचा. सालपटं लांब आणि ओली निघाली पाहिजेत. भुगा पडत असेल तर तुम्ही खरवडता आहात किंवा धार गेली आहे. ओलं लाकूड मऊ असलं तरी धार लवकर खातं. पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चाकावर परत परत जावं लागतं, आणि शेवटच्या हातांआधी तर हमखास. धारेच्या बाबतीत टूलरूमच्या माणसाला मी काय सांगणार! फक्त उतारावर भार देऊ नका. टेकवणं वेगळं आणि दाबणं वेगळं. भिंत पातळ झाल्यावर उताराच्या दाबानेसुद्धा ती पलीकडे झुकते.

कापण्याची दिशा बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून बुडाकडे. म्हणजे प्रत्येक नळीला तिच्या खालच्या नळीचा आधार मिळतो आणि ती उपटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्रम. धातूच्या सवयीने तुम्ही आधी पूर्ण आत कोरून घेत असाल आणि मग सगळी भिंत एकसारखी उतरवत असाल. पातळ वाडग्यात तसं करायचं नाही. बाहेरचा आकार पूर्ण करून घ्यायचा, अगदी पॉलिश पेपर मारण्याइतका पूर्ण. मग आत काठापासून दोन-तीन सेंटिमीटर एवढाच पट्टा अखेरच्या जाडीला आणायचा. मधलं लाकूड तसंच भरीव राहू द्यायचं, कारण तोच भार काठाला धरून ठेवतो. पट्टा झाला की पुढचे दोन-तीन सेंटिमीटर. तो पहिल्यात मिसळवायचा आणि खाली जायचं. खाली गेल्यावर काठाकडे परत यायचं नाही, कितीही मोह झाला तरी. मघाशी गोल असलेला काठ तोवर लंबगोल व्हायला लागलेला असतो. पटाशी एका बाजूला हवेत राहील आणि दुसऱ्या बाजूला खोल घुसेल. मी शेजारी पाण्याची फवारणीची बाटली ठेवते आणि काठ ओला ठेवत राहते. मध्येच उठावं लागलं तर वाडग्यावर प्लास्टिकची पिशवी घालून बांधायची.

थरथर थांबवायला डाव्या हाताची बोटं भिंतीला बाहेरून, पटाशी आतून जिथे कापते आहे बरोबर तिथे, अलगद टेकवा. बोटं तापली तर समजा की पटाशी जास्त दाबली जाते आहे. मात्र काठ अखंड आणि गुळगुळीत असेल तरच हे करायचं. सालीसकट नैसर्गिक काठ ठेवलेल्या वाडग्याला बोट लावायचं नाही.

स्पीडचा एक जुना ठोकताळा आहे. व्यास इंचात आणि फेरे मिनिटाला, दोन्हींचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचा. आठ इंचाला साडेसातशे ते अकराशे. ओंडका ओबडधोबड असेल तेव्हा त्याहूनही कमी.

आणि जाडी मोजायला कॅलिपर असू द्या, पण खोलीतला दिवा मालवून भिंतीच्या मागे एक छोटा एलईडी लावून पाहा. ओल्या लाकडातून प्रकाश आरपार येतो. तेल लागलेला कागद पारदर्शक होतो तसंच हे, पेशींच्या पोकळीतली हवा जाऊन पाणी भरलं की प्रकाश कमी विखुरतो. सुरुवातीला गडद लाल, मग नारिंगी, मग पिवळट. रंग सगळीकडे एकसारखा दिसला की जाडी एकसारखी. अर्थात हे फिक्या लाकडाला चालतं. शिसवीतून काही दिसणार नाही, तिथे कॅलिपरच. तुमच्या हाताला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची सवय आहे. इथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला तरी बोटाला कळत नाही, आणि वाळताना लाकूड त्याहून कितीतरी जास्त हलणार असतं. एकसारखेपणा मात्र सोडू नका, कारण जाड-पातळ भिंत वेगवेगळ्या वेगाने वाळते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

फ्लॅटच्या बाल्कनीत हे होईल का? शेजारी तक्रार करतील अशी भीती वाटते. (वाचक, पुणे)

होईल. मोटरचा आवाज मिक्सरपेक्षा कमी असतो. त्रास होतो तो धक्क्यांचा, तोल नसलेला ओंडका फिरताना होणारा, आणि तो स्लॅबमधून खाली जातो. गोल कापून तोल साधलेला तुकडाच आणा, सहा इंचापर्यंतचा. स्टँडच्या पायांखाली जाड रबर घाला, खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा. भुग्याला बाल्कनी पुरत नाही, पण ओल्या लाकडाचा भुगा उडत नाही, सालपटं खाली पडतात. पॉलिश पेपरसुद्धा पाणी लावून मारा. सालपटं कुंड्यांत घालता येतात.

मॅडम, मी तुमचा विद्यार्थी, आता टोरांटोत असतो. लांज्याला गेलो होतो तेव्हा काकांनी आंब्याचा वाडगा दिला, त्यांनी स्वतः लेथवर केलेला. चांगला जाड आहे. इथे आणल्यावर जानेवारीत काठापासून बुडाकडे चीर गेली. काकांना सांगवत नाही. जोडता येईल का? (टोरांटो)

तू वर्गात असतास तर मी तुलाच उत्तर द्यायला सांगितलं असतं. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेत राहतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्के असते, तेव्हा लाकडातला ओलावा १८ ते २० टक्क्यांवर स्थिरावतो. कॅनडात हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात आर्द्रता पंचवीस टक्क्यांवर आली तर लाकूड पाचच्या आसपास उतरतं. काकांचा वाडगा त्यांच्या पडवीत पूर्ण वाळलेलाच होता. तुझ्या घरासाठी तो ओला होता. काकांच्या कामात काही उणं नाही, आणि हे त्यांना निःसंकोच सांग. उलट पुढचा वाडगा तुझ्यासाठी करताना त्यांना ते उपयोगी पडेल.

चीर लगेच गोंदाने भरू नकोस. आत्ता ती सगळ्यात रुंद आहे. उन्हाळ्यात हवा दमट झाली की मिटायला बघेल, आणि आत गोंद कडक झालेला असला तर दुसरीकडे नवी चीर काढेल. वर्षभर जाऊ दे. नंतर चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून मेणदोऱ्याने किंवा तांब्याच्या तारेने सैलसर टाके घाल. टाके हालचालीला वाव देतात. तोवर वाडगा हीटरच्या झोतापासून आणि खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेव.

जपानी दुकानात लाखेचं रोगण दिलेली लाकडी वाटी पाहिली. भिंत जेमतेम एक मिलिमीटर, आणि तरी पूर्ण गोल. मग तुमचे वाडगे का वाकतात? (वाचक, नागपूर)

तुम्ही पाहिलीत ती बहुधा यामानाकाची असावी. जपानच्या इशिकावा प्रांतातलं हे गाव कातकामासाठी नावाजलेलं आहे आणि पातळ भिंत ही तिथल्या कारागिरांची खासियत. त्यांचं गमक लाकूड कापण्यात आहे. आपण सहसा ओंडका उभा चिरून अर्धुकातून वाडगा काढतो, त्यामुळे काठावर एकीकडे लांबीची दिशा येते आणि दुसरीकडे वलयांची. ०.१ टक्के आणि ८ टक्के, इतकी तफावत. यामानाकात खोडाच्या आडव्या चकत्या करतात आणि वाटीचा अक्ष झाडाच्या अक्षाला समांतर ठेवतात. मग काठाच्या वर्तुळात लांबीची दिशा येतच नाही, उरतात गाभ्याची आणि वलयांची. ४ आणि ८. फरक पडतो, पण थोडा. त्यात ते कच्चा आकार आधी नीट वाळवून मग अखेरचा हात देतात.

आपणही हे करू शकतो. फक्त भेंड, म्हणजे खोडाचा अगदी मधला ठिपका, चकतीतून बाहेर राहिला पाहिजे, नाहीतर तिथूनच ताऱ्यासारखी चीर फुटते. आणि आत कोरताना दिशा उलटी करायची, मधून काठाकडे. बूड आता नळ्यांच्या तोंडांचं असतं, तेव्हा ते फार पातळ केलंत तर द्रव झिरपेल.

एक दुरुस्ती, ते रोगण लाखेचं नव्हे. आपली लाख किड्यापासून मिळते. जपानी उरुशी हा एका झाडाचा चीक आहे, आणि ते झाड आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं. बिब्बा अंगावर उततो त्यामागे ज्या जातीची द्रव्यं आहेत, त्याच जातीची उरुशीत असतात आणि आंब्याच्या चिकातही. म्हणून ज्यांना आंब्याच्या देठाचा चीक बाधतो, त्यांनी ओलं आंब्याचं लाकूड कातताना पूर्ण बाह्यांचा, मनगटाशी घट्ट बसणारा सदरा घालावा आणि काम झाल्यावर लगेच साबणाने हात धुवावेत. या विषयावर तीन पत्रं आली होती, तिन्हींना हेच उत्तर.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांसारखा लाखेचा रंग पातळ वाडग्याला देता येईल का? (वाचक, फोंडा)

नाही, आणि कारण त्या कलेतच आहे. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि पसरते, मग केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या पानाने घासून चकाकी आणतात. दाब आणि उष्णता हे त्या कामाचे दोन हात आहेत. दोन मिलिमीटरची ओली भिंत त्या दाबाने मोडेल किंवा उष्णतेने तडकेल. भरीव, वाळलेल्या लाकडाला मात्र त्याहून सुंदर काही नाही. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी पाहायला अवश्य या. त्यांना पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड लागायचं. तेच लाकूड पातळ भिंतीला कुचकामी आहे, त्याचे तंतू फार मऊ, कितीही धार केली तरी लव उठते.

वाडग्याला लाख हवीच असेल तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्या, वाडगा पूर्ण वाळल्यावर.

या वाडग्यांत काय खाता येतं? आणि कोणतं तेल लावायचं? मी खोबरेल लावलं होतं, वास येऊ लागला. (वाचक, चिपळूण)

खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल वाळून घट्ट होत नाही, लाकडात तसंच राहतं आणि खवट होतं. जवसाचं किंवा अक्रोडाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं. जवसाचं घ्याल तर खाण्याचं, घाण्यावरचं घ्या. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवसाच्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात, ते खाण्याच्या भांड्याला नको. हात पातळ द्या, जास्तीचं पुसून टाका, आठवडाभराने पुन्हा. घाई असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणि वर मधमाश्यांचं मेण. ते कधीच वाळत नाही, पण खवटही होत नाही.

एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडली की फडकं आपोआप पेट घेतं. फडकी दोरीवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर चुरमुरे, दाणे, लाह्या, पेरूच्या फोडी. गरम आमटी नको, पातळ भिंत लगेच पीळ घेते. आणि काजरा किंवा कण्हेर यांच्या लाकडाचं खाण्याचं भांडं कधीही करू नका. कोकणात काजऱ्याचं लाकूड सहज हाती येतं म्हणून मुद्दाम लिहिते. कुचल्याचं विष त्याच झाडाचं.

मला शिकायचं आहे. पण घरातले म्हणतात, साडी नेसून मशिनपाशी जायचं नाही. (वाचक, नाशिक)

घरातले बरोबर सांगतात, फक्त वाक्य अर्धं आहे. साडी नेसून जायचं नाही, मशिनपाशी जरूर जायचं. पदर खोचला तरी वाकल्यावर सुटतो. ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, मोकळी वेणी, सैल बाही, हातमोजे, यातलं काहीही फिरत्या चकजवळ, म्हणजे लाकूड पकडून फिरवणाऱ्या पकडीजवळ, नको. हातमोजे तर सगळ्यात वाईट, ते अडकले की हातासकट ओढतात. मी कुर्ता-पायजम्यावर पुढून चेन असलेला जाड एप्रन घालते, केसांचा आंबाडा घालून वर रुमाल बांधते. चेहऱ्यावर पूर्ण फेसशील्ड, चष्मा पुरत नाही. मशिन सुरू करताना वाडग्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं. आधी हाताने एक फेरा फिरवून टूल रेस्टला, म्हणजे पटाशी टेकवायच्या पट्टीला, काही लागत नाही ना ते बघायचं. कोरडं लाकूड घासताना एन-९५ मास्क. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, आणि शिसवीच्या धुळीने काहींना त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी होते.

एवढं पाळा आणि शिका. मनगटात ताकद लागत नाही. पटाशीची मूठ कमरेला टेकवून अख्खं अंग हलवायचं असतं, हात नव्हे.

कोणतं लाकूड घेऊ, आणि मिळेल कुठे? (अनेक वाचक)

आंब्यापासून सुरुवात करा. सगळीकडे मिळतो, ओला असताना सुरेख कापला जातो, आणि ओंडका पावसात काही आठवडे पडून राहिला तर बुरशीमुळे त्यात करड्या-काळ्या रेघा उमटतात, त्या वाडग्यावर फार देखण्या दिसतात. त्यापुढे वाट बघितलीत तर लाकूडच भुसभुशीत होतं. फणस पिवळाधमक निघतो आणि वर्षभरात तपकिरी होतो. शिवण कमी आकसते, त्यामुळे तिचा वाडगा कमी वाकतो, आणि रंग फिका असल्याने दिव्याने जाडी बघता येते. काळा कुडा सगळ्यात बारीक पोताचा, चन्नपट्टणची खेळणी त्याचीच. पण तो मोठ्या जाडीचा क्वचित मिळतो, वाट्याच होतात. सिल्व्हर ओकच्या लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणारे चकचकीत पट्टे असतात, ते पातळ भिंतीत प्रकाशासमोर धरून पाहण्यासारखे. बंगल्यांच्या बागेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जो उंच सरळ अरौकेरिया लावतात, तो पडला तर सोडू नका. हवाईतले रॉन केंट त्याच कुळातल्या नॉरफोक पाइनचे वाडगे परत परत तेलात मुरवून आणि घासून असे करायचे, की प्रकाश आरपार जायचा. साग मी पातळ कामाला घेत नाही. तो धार लवकर बोथट करतो आणि हलतही नाही, मग त्याला ओला कातण्यात मजा काय!

लाकूड विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही. जून-जुलैच्या वाऱ्यात झाडं पडतात, फांद्या छाटल्या जातात. शहरात महापालिकेच्या उद्यान विभागाकडे रीतसर मागा. उभं झाड मात्र स्वतःच्या अंगणातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडू नका. शहरी भागात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे, आणि गावाकडे आंबा, फणस, जांभूळ, साग यांसारख्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा.

ओंडका हाती आला की वाडग्याच्या व्यासापेक्षा चार-पाच इंच लांब ठेवूनच कापा, टोकं तडकतात ती नंतर काढून टाकता येतात. त्याच दिवशी भेंडातून उभा चिरून दोन अर्धुकं करा आणि भेंडाच्या दोन्ही बाजूंचं बोटभर लाकूड टाकून द्या. कापलेल्या टोकांना वितळलेलं मेण किंवा पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल लावा. लगेच कातणार नसाल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि आठवड्याभरात लेथवर चढवा. आंबा उन्हाळ्यात तेवढीही वाट बघत नाही.